आधी तपासणी, मग पिशवी

या महिन्यातली बहुतेक पत्रं गर्भपिशवीबद्दलची आहेत. मी जळगावात बायकांच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रिया करते, म्हणून संपादकांनी ती माझ्याकडे पाठवली. नावं छापत नाही, तालुका तेवढा ठेवला आहे. प्रश्न वेगवेगळे असले तरी बहुतेकांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती पहिल्याच उत्तरात सविस्तर लिहिते.

प्रश्न: माझं वय ३८, दोन मुलं, घरची कपाशी आहे. वर्षभरापासून अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते. तालुक्याच्या दवाखान्यात आतून पाहिलं आणि म्हणाले, पिशवीच्या तोंडाला जखम आहे, ठेवली तर पुढे कॅन्सर होईल, काढून टाका. वेचणी आटोपली की ऑपरेशन करायचं ठरलं आहे. घरचे म्हणतात, मुलं झाली, आता पिशवीचं काय काम? काढू का? — अमळनेर तालुका

ताई, आत्ता काढू नका. आधी तपासणी करून घ्या.

‘तोंडाला जखम’ हे शब्द आपल्या भागातल्या किती बायकांच्या फायलीत लिहिलेले मी वाचते! नव्वद टक्के वेळा ती जखम नसतेच. गर्भाशयाच्या तोंडाच्या आतल्या बाजूचं लालसर अस्तर थोडं बाहेर दिसतं, एवढंच. तरुण वयात, बाळंतपणानंतर, गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना ते दिसणं नेहमीचं आहे. त्यातून कॅन्सर होत नाही. पांढरं जाण्याचं कारण बहुतेकदा जंतुसंसर्ग असतो आणि तो औषधाने जातो. कधीकधी नवऱ्यालाही सोबत औषध घ्यावं लागतं. कंबरदुखीचं म्हणाल तर कपाशीच्या ओळीत दिवसभर वाकून वेचणी करणाऱ्या बाईची कंबर पिशवी काढून दुखायची थांबत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन तपासा, तेही बहुधा कमीच निघेल.

मग कॅन्सरची भीती खोटी का? नाही. गर्भाशयमुखाचा कॅन्सर आपल्या देशात बायकांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये स्तनाच्या खालोखाल येतो. पण तो एका रात्रीत होत नाही. एचपीव्ही नावाचा विषाणू शरीरसंबंधातून येतो, बहुतेक बायकांच्या शरीरातून एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. ज्यांच्यात तो ठाण मांडून बसतो, त्यांच्या गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी हळूहळू बिघडतात आणि त्याचा कॅन्सर व्हायला साधारण दहा ते वीस वर्षं लागतात. एवढी मोठी मुदत हा रोग आपल्याला देतो. त्या मुदतीत त्याला पकडायचं, यासाठीच तपासणी.

ती कशी असते ते सांगते, कारण भीती तिथेच असते. टेबलावर पाय दुमडून झोपायचं. डॉक्टर किंवा प्रशिक्षित नर्स एक उपकरण हळूच आत घालून तोंड उघडं करतात. कापसाच्या बोळ्याने पाच टक्के ॲसिटिक ॲसिड लावतात, व्हिनेगरमध्ये असतं तेच. थोडं चुणचुणतं. मग एक मिनिट थांबायचं, खरंच घड्याळ पाहून. पेशी बिघडलेल्या असतील तर त्या जागी ठळक कडांचा पांढरा चट्टा उमटतो. नसतील तर तोंड गुलाबीच राहतं. भूल नाही, टाका नाही, चालत घरी. सरकारी दवाखान्यांत तीस वर्षांपुढच्या बायकांसाठी हीच तपासणी दर पाच वर्षांनी करायची असते. पॅप स्मिअर किंवा एचपीव्हीची तपासणी मिळाली तर फारच चांगलं. ती ब्रशने पेशी घेऊन करतात.

आपल्याच राज्यातलं उदाहरण देते. पूर्वीच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर मोठा अभ्यास झाला. बार्शीचं कॅन्सर रुग्णालय आणि मुंबईचं टाटा रुग्णालय त्यात होतं. खेड्यातल्या, शेतात राबणाऱ्या बायका. त्यातल्या एका गटाची एचपीव्ही तपासणी फक्त एकदा केली आणि ज्यांच्यात दोष निघाला त्यांच्यावर उपचार केले. २००९ साली निष्कर्ष छापून आले तेव्हा त्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आलेले होते. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने! अमळनेरच्या बायका काही धाराशिवच्या बायकांपेक्षा वेगळ्या नाहीत.

तपासणीत चट्टा दिसला तरी लगेच पिशवी काढायची नसते. कॉल्पोस्कोप म्हणजे भिंगातून पाहून चट्ट्याचा तुकडा तपासायला घेतात (बायोप्सी). ज्वारीच्या दाण्याएवढा असतो तो. कॅन्सरपूर्व बदल निघाला तर तेवढाच भाग तारेच्या विजेवरच्या उपकरणाने काढता येतो. त्याला लीप म्हणतात. अर्ध्या तासाचं काम, पिशवी जागेवर राहते.

आणि घरच्यांना हेही सांगा की पिशवीचं काम मुलं झाल्यावर संपतं हे खरं नाही. पिशवीसोबत अंडाशय काढले तर अडतिसाव्या वर्षी पाळी एकदम बंद होते. हाडं ठिसूळ व्हायला लागतात, अंगातून वाफा येतात, हृदयाचा धोका वाढतो. अंडाशय ठेवले तरी पाळी जाण्याचं वय अलीकडे येऊ शकतं. पंचेचाळिशीत काठी धरून येणाऱ्या बायका मी पाहते. तिशीत पिशवी काढलेली असते आणि का काढली हे कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं. मला त्याचा फार त्रास होतो.

संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मधे डाग, घाण वासाचं पाण्यासारखं जाणं, यातलं काही असेल तर मात्र वेचणी संपायची वाट पाहू नका. या आठवड्यात जा.

प्रश्न: पत्नीचं वय ४६. पाळीत फार जायचं म्हणून दीड महिन्यापूर्वी खासगी दवाखान्यात पिशवी काढली. ऑपरेशननंतर मला ट्रेमध्ये पिशवी दाखवली, मी डब्यातून लॅबला नेऊन दिली. आता रिपोर्ट आला आहे की गर्भाशयमुखाचा कॅन्सर. डॉक्टर म्हणतात, पिशवी निघाली म्हणजे रोगही निघाला. खरं आहे का? — शहादा

भाऊ, तुम्ही तो डबा लॅबला नेला म्हणून आज आपल्याला रोग माहीत आहे. कितीतरी घरी पिशवी दाखवतात, नातेवाईक मान हलवतात आणि पुढे ती कुठे जाते कुणी विचारत नाही. वाचणाऱ्या सगळ्यांना सांगते, शरीरातून काढलेला कुठलाही अवयव फॉर्मालिनमध्ये घालून तपासायला गेलाच पाहिजे आणि तो रिपोर्ट तुमच्या हातात आलाच पाहिजे.

आता तुमच्या प्रश्नाकडे. नाही, पिशवी निघाली म्हणजे रोग निघाला असं धरून चालता येत नाही. साध्या ऑपरेशनमध्ये गर्भाशय तोंडासकट काढतात आणि कडेची जोडणी जवळून कापतात. कॅन्सर आहे हे आधी माहीत असेल तर वेगळं ऑपरेशन करतात. १८९८ मध्ये व्हिएन्नाच्या वर्थहाइम यांनी ते सुरू केलं, आम्ही आजही त्यांच्याच नावाने ओळखतो. त्यात गर्भाशयासोबत दोन्ही बाजूंचा आधाराचा मांसल भाग, योनीचा वरचा काही भाग आणि ओटीपोटातल्या लसिका गाठी (लिम्फ नोड) निघतात. मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे येणारी लघवीची नळी त्या भागातूनच जाते, ती बोटाबोटाने सोडवत न्यावी लागते. ऑपरेशनमधला सर्वांत जास्त वेळ तिथेच जातो. म्हणूनच या रोगात पहिलं ऑपरेशन योग्य असणं इतकं महत्त्वाचं आहे. एकदा साधं ऑपरेशन झालं की त्या जागी व्रण धरतो आणि नंतर तेच काम दुप्पट अवघड होतं.

पण दार बंद झालेलं नाही. लॅबमधून दोन गोष्टी मागून घ्या: काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक. तुमचा हक्क आहे, नाही म्हणू देऊ नका. दुसऱ्या, कॅन्सर नेहमी पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून त्या पुन्हा वाचून घ्यायच्या. रोग किती मिलिमीटर खोल होता, रक्तवाहिन्यांत शिरला होता का, कापलेल्या कडेला उरला आहे का, या तीन उत्तरांवर पुढचं सगळं ठरतं. सोबत ओटीपोटाचा एमआरआय, गरजेप्रमाणे पेट-सीटी.

रोग अगदी सूक्ष्म असेल, तीन मिलिमीटरपेक्षा कमी खोल, वाहिन्यांत नाही, कडा स्वच्छ, तर नुसतं लक्ष ठेवणं पुरतं. त्याहून जास्त असेल तर बहुतेकदा रेडिएशन द्यावं लागतं. सोमवार ते शुक्रवार, साधारण पाच आठवडे, सोबत आठवड्याला एकदा सिस्प्लॅटिनची हलकी केमो, आणि शेवटी आतून द्यायचं रेडिएशन. काही निवडक रुग्णांत उरलेला आधाराचा भाग आणि गाठी पुन्हा ऑपरेशन करून काढतात. यातलं काय, हे शस्त्रक्रिया करणारे आणि रेडिएशन देणारे अशा दोघांनी एकत्र बसून ठरवायचं असतं. दीड महिना गेला आहे, आणखी घालवू नका. तीर्थ, नवस, गावठी औषध नंतर.

झालेल्या दवाखान्यात जाऊन भांडण करण्यातही आत्ता दिवस खर्च करू नका. तुमची ताकद पत्नीला लागणार आहे.

प्रश्न: सासूबाईंचं वय ५९. पाळी जाऊन आठ वर्षं झाली. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नणंदा आल्या होत्या तेव्हा सासूबाईंनी सहज सांगितलं की दोनदा रक्ताचा डाग पडला. शुगर आहे, वजन जास्त आहे. त्या म्हणतात उष्णतेने झालं. थांबावं का? — चोपडा

थांबू नका. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं तरी ते तपासायचं. वैशाखात चोपड्याला ऊन किती असतं ते मला माहीत आहे, पण उन्हाने गर्भाशयातून रक्त येत नाही.

अशा बायकांपैकी साधारण दहात एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघतो. म्हणजे नऊ जणींना नसतो, हेही सासूबाईंना सांगा. मात्र मधुमेह आणि वजन हे दोन्ही या कॅन्सरकडे नेणारे आहेत. आधी योनीमार्गातून सोनोग्राफी करा. अस्तराची जाडी चार मिलिमीटर किंवा कमी असेल तर काळजी फारच थोडी. जास्त असेल, किंवा डाग पुन्हा पुन्हा पडत असेल, तर बारीक नळीने अस्तराचा नमुना घ्यायचा. ओपीडीतच होतं, पाळीसारखी कळ येते आणि जाते. सोबत गर्भाशयाच्या तोंडाचीही तपासणी झाली पाहिजे, कारण डाग तिथूनही येऊ शकतो आणि त्या दोन कॅन्सरची ऑपरेशनं सारखी नाहीत.

अस्तराचा कॅन्सर निघाला तर घाबरू नका. डाग लवकर पडत असल्यामुळे हा रोग बहुतेक वेळा पिशवीतच असताना सापडतो आणि ऑपरेशनने बरा होण्याचं प्रमाण चांगलं आहे. गर्भाशय, दोन्ही नळ्या आणि अंडाशय काढतात, गाठींची तपासणी करतात. शुगर आजपासून ताब्यात आणा. भूलतज्ज्ञ तेच आधी विचारतील.

प्रश्न: दुर्बिणीने ऑपरेशन चांगलं की पोट उघडून? — यावल

अस्तराच्या कॅन्सरमध्ये दुर्बीण चांगली, दुखणं कमी, माणूस लवकर घरी. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये मात्र उलट. २०१८ साली एक मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी छापून आली. साडेचार वर्षांनी पोट उघडून केलेल्यांपैकी ९६.५ टक्के बायका रोगमुक्त होत्या, दुर्बिणीने किंवा रोबोटने केलेल्यांपैकी ८६ टक्के. मी वर्थहाइम उघडूनच करते. पोटावरची रेष लांब राहते, मला ती मान्य आहे.

प्रश्न: आईचं वय ६२. तीन महिन्यांपासून ‘पोट फुगस, जेवण जात नई’ असं म्हणते. ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या. सोनोग्राफीत अंडाशयाची गाठ आणि पोटात पाणी आहे. सीए-१२५ आलं ४१०. कुणी म्हणतं सुईने पाणी काढा, कुणी म्हणतं सुई लावली की पसरतो. — भुसावळ

आईच्या त्या चार शब्दांत रोगाचं अर्धं वर्णन आहे. पोट फुगणं, दोन घासांत पोट भरणं, वारंवार लघवी, आणि हे सगळं पन्नाशीनंतर नव्याने सुरू होऊन आठवडेच्या आठवडे टिकणं. अंडाशयाचा कॅन्सर असाच येतो. रक्त नाही, गाठ हाताला लागत नाही, म्हणून घरात ॲसिडिटी समजतात.

सीए-१२५ हे रक्तातलं प्रथिन साधारण ३५ पर्यंत असतं. ४१० म्हणजे कॅन्सरच, असं मात्र नाही. पोटाच्या टीबीतही ते शेकड्यांत जातं, पोटात पाणीही होतं आणि आपल्याकडे टीबी कमी नाही. पोटाचा आणि छातीचा सीटी स्कॅन करा, रक्तात सीईए ही दुसरी तपासणी करा. ती फार वाढलेली असेल तर मूळ रोग आतड्यात किंवा जठरात नाही ना, हे पाहावं लागतं.

सुईबद्दल दोन्ही म्हणणारे अर्धेअर्धे बरोबर आहेत. पोटात पसरलेलं पाणी काढून तपासायला हरकत नाही, आईला श्वास लागत असेल तर काढलंच पाहिजे. पण अंडाशयाची गाठ एकटीच, अखंड, बंद असेल तर तिला सुई टोचायची नाही आणि ऑपरेशनमध्येही ती फोडायची नाही. फुटली की आतला रोग पोटात सांडतो आणि पहिल्या पायरीचाच रोग असला तरी तो वरच्या गटात जातो, केमो लागण्याची शक्यता वाढते. ती अख्खी काढून, रुग्ण टेबलावर असतानाच फ्रोझन सेक्शनने, म्हणजे तुकडा गोठवून तिथल्या तिथे, तपासतात आणि मग पुढे किती काढायचं ते ठरतं. ती सोय नसलेल्या ठिकाणी आईचं ऑपरेशन करू नका.

पाणी आहे म्हणजे रोग पोटात पसरलेला असण्याची शक्यता आहे. अशा वेळी डोळ्यांना दिसणारा रोगाचा प्रत्येक दाणा काढणं हे ऑपरेशनचं लक्ष्य असतं. आतड्यांवर चरबीचा पडदा असतो, तो बहुधा काढावाच लागतो. सहा-सात तास लागू शकतात. पहिल्याच वेळी सगळं निघणार नाही असं सीटीत वाटलं तर आधी दर २१ दिवसांनी कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधांचे तीन डोस, मग ऑपरेशन, मग उरलेले डोस. हे ऐकून ‘डॉक्टरांनी ऑपरेशनला नकार दिला’ असं समजून गावी परतणारी घरं असतात. तो नकार नसतो, क्रम असतो.

कॅन्सर ठरला तर बीआरसीए या जनुकांची तपासणी जरूर करा. आईच्या औषधासाठी ती उपयोगी आहेच, तुम्हा बहिणींसाठीही. दोष निघाला तर मुलींना स्तन आणि अंडाशय दोन्हींबद्दल वेळेवर सावध होता येतं.

प्रश्न: तपासणीसाठी तुकडा काढला की कॅन्सर चेवतो, असं आमच्याकडे म्हणतात. — रावेर

गर्भाशयमुखाचा किंवा अस्तराचा तुकडा घेतल्याने रोग पसरत नाही. माणसं रोग पुढे गेल्यावर तुकड्याला तयार होतात, त्यानंतर रुग्ण खालावतो आणि दोष तुकड्यावर येतो. तुकड्याशिवाय ना ऑपरेशन ठरतं, ना केमो, ना उपचारांच्या सरकारी योजनेची मंजुरी.

प्रश्न: मुलगी १२ वर्षांची. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस द्यावी का? शाळेतल्या बाया म्हणतात पुढे मूल होत नाही. — पाचोरा

द्या. मूल न होण्याचा आणि या लशीचा काही संबंध नाही. हा कॅन्सर विषाणूने होतो हे दाखवून देणाऱ्या हाराल्ड झुर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. त्या एचपीव्ही विषाणूचे १६ आणि १८ हे दोन प्रकार या कॅन्सरच्या सुमारे ७० टक्के रुग्णांमागे असतात आणि लस त्या दोन्हींपासून वाचवते. आता पुण्याच्या सीरमची सर्वाव्हॅकही मिळते. ९ ते १४ वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. या वयात एक डोसही चालतो असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मान्य केलं. सरकारी डोस मिळतो का ते आरोग्य केंद्रात आधी विचारा. तीस वर्षांची झाली की तिनेही तपासणी करायची आहे, लस घेतली तरी.

प्रश्न: पत्नीला मुंबईला न्यायला सांगितलं आहे. पैसा नाही, राहायचं कुठे? — मुक्ताईनगर

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन तिन्ही बसतात. खर्चाची मर्यादा आता वर्षाला ५ लाख आहे. रेशनकार्ड, आधार आणि तुकड्याचा मूळ रिपोर्ट घेऊन योजनेतल्या रुग्णालयात जा. दाराशीच आरोग्यमित्राचा टेबल असतो, आधी त्याच्याकडे. रेशनकार्डावर पत्नीचं नाव आहे ना आणि आधारवर तसंच लिहिलं आहे ना, हे निघण्याआधी पाहा. माहेरचं आणि सासरचं नाव वेगळं पडल्यामुळे मंजुरी अडकते. मुंबईला निघण्याआधी जळगाव आणि धुळ्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत चौकशी करा, उपचारातला काही भाग जवळ होऊ शकेल.

परळला टाटात जावंच लागलं तर भुसावळहून रात्रीच्या गाडीने दादरला उतरा, तिथून परळ जवळ आहे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कॅन्सरच्या रुग्णांची राहण्याची सोय असते. रुग्णालयाचा केस पेपर लागतो, म्हणून आधी नोंदणी करा, मग धर्मशाळेत जा. स्लाइड आणि ब्लॉक सामानात न ठेवता स्वतःजवळच्या पिशवीत ठेवा आणि सगळ्या कागदांच्या दोन झेरॉक्स काढून घ्या. रेडिएशन लागलं तर ते पाच-सहा आठवडे रोज असतं, म्हणून एकट्याने जाऊ नका. पत्नीची बहीण किंवा भावजय, जी तिच्याशी मोकळं बोलते, तिला सोबत न्या. आत तपासणीला बायकोबरोबर तीच जाऊ शकेल.